शीबाई आणि आमच्या साहेबांचा डावा डोळा

शीबाई तुमचा चष्मा हातात घ्यायच्या नाहीत, दोन बोटांत धरायच्या. कपाटामागे मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर काढतात ना, तसा. मग तो ट्यूबलाइटसमोर नेऊन, मान तिरकी करून, काचेच्या या बाजूने बघायच्या, त्या बाजूने बघायच्या आणि म्हणायच्या, "शी." त्यात राग नसायचा आणि आवाजही चढलेला नसायचा. अगदी मनापासून आलेली, शांत, संथ अशी ती "शी" असायची आणि ऐकणाऱ्याला आपण आज आंघोळ केली की नाही याची शंका यायची.

मालवीय नगरच्या बाजारात एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. पुढे चष्म्याच्या फ्रेमा, मागे डोळे तपासायची काळोखी खोली आणि कोपऱ्यात एक बेसिन. मूळच्या नाशिकच्या. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून जयपुरात आल्या, नवरा पुढे हार्टने गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकलाच गेली, बाई मात्र इथेच राहिल्या. आम्ही जयपुरातली मराठी मंडळी त्यांना पाठीमागे शीबाई म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं होतंच. मला एकदा म्हणाल्या, "खुशाल नाव ठेवा. पण चष्मा धुऊन आणा."

कुणी धुऊन आणायचं नाही. मग तपासणीच्या आधी त्या स्वतः चष्मा बेसिनवर न्यायच्या, साबण लावून जुन्या टूथब्रशने घासायच्या. नाकावर टेकणाऱ्या त्या दोन पारदर्शक गाद्या असतात ना, त्यांच्याखाली हिरवट काहीतरी साचलेलं असतं. ते टोकदार काडीने काढून त्या आधी तुम्हाला दाखवायच्या. "हे काय आहे माहिती आहे? हे तुम्हीच आहात. घाम, खोबरेल, पावडर आणि सकाळचे पोहे. हे डोळ्यांपुढे टांगून फिरता आणि मला सांगता, बाई, नंबर वाढलाय." पहिल्यांदा माझा चष्मा धुताना त्या हे म्हणाल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या क्षणी त्या मला मनापासून आवडल्यासुद्धा. मी मिरजेची. आमच्या घरात कुणी उष्ट्या हाताने पाण्याच्या पिंपाला शिवलं तर आई पिंप रिकामं करायची. किळस येणारी माणसं मला जवळची वाटतात. ज्यांना कशाचीच किळस येत नाही त्यांच्याकडे मी जेवायला जात नाही.

गिऱ्हाईक बघून त्यांची शी कमीजास्त व्हायची नाही. जौहरी बाजारातले एक रत्नांचे व्यापारी, पन्ना म्हणजे पाचू विकणारे, त्यांच्याकडे यायचे, पोट पुढे, बोटांत अंगठ्या, सोबत ड्रायव्हर. माझ्यासमोर त्यांनी खिशातून चष्मा काढला, काचेवर जिभेचं टोक लावलं आणि शर्टाच्या टोकाने पुसून बाईंपुढे धरला. बाईंनी हात मागे घेतला. "छी भाईसाहब. पन्ना भी ऐसे ही पोंछते हैं आप?" ते गृहस्थ लाल झाले. म्हणाले, "मैडमजी, पन्ना तो महँगी चीज़ है." बाई म्हणाल्या, "तो आँख यहाँ सस्ते में मिलती है क्या? मुझे भी बता दीजिए कहाँ मिलती है." ड्रायव्हर हसू लपवायला बाहेर गेला. व्यापारी परत कधी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पुढच्या वेळी ते चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले.

डोळ्यांच्या बाबतीत म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांचे जे जे उद्योग असतात, त्या सगळ्यांची त्यांना शिसारी यायची. फुटपाथवरून तयार चष्मा उचलणारे. मेडिकलवाल्याला "आँख लाल है" सांगून मिळतील ते थेंब घालणारे. गुलाबपाणी घालणारे. नवराबायको मिळून एकच चष्मा वापरणारी जोडपी तर त्यांच्या दृष्टीने तुरुंगात टाकण्याच्या लायकीची. आमच्या मराठी मंडळातले एक काका मोठ्या कौतुकाने सांगत होते की गेली कित्येक वर्षं ते बायकोच्या चष्म्यानेच पेपर वाचतात. बाई म्हणाल्या, "दात कुणाच्या ब्रशने घासता?" काकूंनी त्या दिवसापासून चष्मा लपवून ठेवायला सुरुवात केली.

पण सगळ्यांत जास्त किळस त्यांना यायची ती आपल्या मराठी माणसांच्या एका वाक्याची. ते वाक्य म्हणजे, "गावी गेल्यावर दाखवू." बदलीवर आलेल्या माणसांची ही खोडच आहे. इथे सगळं तात्पुरतं. पडदे तात्पुरते, गॅलरीतली तुळस तात्पुरती, मुलांची शाळासुद्धा तात्पुरती. दात दुखला तर कोल्हापूरचे डॉक्टर, गुडघा दुखला तर साताऱ्याचे वैद्य, डोळा तर हमखास गावचा. जयपुरात काय फक्त भाजी आणायची. तीन वर्षांची बदली तीस वर्षांची होते, माणूस इथेच फ्लॅट घेतो, इथेच रिटायर होतो आणि डोळा मात्र दिवाळीत गावी जायची वाट बघत बसतो. बाईंचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं, "डोळा इथे वापरता ना? मग इथेच दाखवा."

आमचे साहेब म्हणजे या जातीचा अर्क. साहेब म्हणजे माझा नवरा. विमा कंपनीत अधिकारी होते म्हणून ऑफिसातले साहेब म्हणायचे, मी चिडले की साहेब म्हणते, म्हणजे जवळपास नेहमीच. सोडाला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते रिटायर होऊन बसले तेव्हा त्यांच्या चष्म्याची काच फोडणीच्या तेलाने माखलेल्या खिडकीसारखी दिसायची. पुसायला एक रुमाल होता. त्याच रुमालाने नाक, त्याच रुमालाने मान, त्याच रुमालाने चष्मा. तो रुमाल मी चिमट्याने उचलून धुवायला टाकायचे. डोळे दाखवा म्हटलं की उत्तर तयार, "सांगलीला आमचे डॉक्टर आहेत. माझा पहिला चष्मा त्यांनीच दिलाय. माझा डोळा त्यांना पाठ आहे."

आणि त्याच सुमारास साहेबांच्या लेखी जयपूर शहर एकाएकी बिघडलं. जे काही वाईट होतं ते डावीकडून यायला लागलं. स्कूटरवर निघाले की डावीकडून गाय. डावीकडून ई-रिक्षा. डावीकडून शाळेची पोरं. घरी येऊन तणतणायचे, "या लोकांना समोरून येता येत नाही का?" चहा कपाच्या डाव्या अंगाला बशीत सांडायचे आणि बशीला नावं ठेवायचे. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची आणि वर, आज चटणी केली नाहीस का, हे ऐकून घ्यायचं मी. संक्रांतीला इथे सगळं गाव गच्चीवर असतं. आम्हीही तिळगूळ घेऊन गच्चीवर गेलो, तर शेजारच्या गच्चीवरून डावीकडून सरकत आलेला मांजा यांना दिसलाच नाही, कानाला चाटून गेला. रक्त आलं. शेजारी ओरडत होते, "अंकलजी, लेफ्ट में देखिए." साहेब म्हणाले, बघितलं होतं. मला तेव्हाच कळलं की हा माणूस खोटं बोलतोय आणि ते त्याचं त्यालाही माहीत नाही.

मी बोलले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. उपयोग शून्य. शेवटी देवानेच सोय केली. मधल्या खोलीतलं कपाट उघडं होतं, साहेब तरातरा आले आणि डाव्या बाजूने त्या दारावर असे आपटले की चष्म्याची दांडी मोडली. चष्म्याशिवाय टीव्ही दिसेना. मग दांडी बसवून घेऊ या, एवढ्या अटीवर ते माझ्याबरोबर मालवीय नगरला आले.

बाईंनी चष्मा दोन बोटांत धरला, शी म्हणून झालं, धुवून झाला. दांडी बसवता बसवता त्यांनी साहेबांच्या कपाळाकडे बघितलं, कानावरची खूण बघितली आणि मला विचारलं, "हे कुठल्या बाजूला आपटतात?" मी म्हणाले, डावीकडे, सगळं डावीकडे. साहेब म्हणाले, "बाई, मला फक्त दांडी हवीय." बाई म्हणाल्या, "दांडीचं बघते. तुम्ही आत बसा."

आतल्या खोलीत त्यांनी साहेबांना समोर बसवलं. उजवा डोळा झाकायला सांगितला. "माझ्या नाकाकडे बघायचं. मी बाजूने बोट हलवत आणीन, दिसलं की सांगायचं." उजवीकडून बोट लगेच दिसलं. डावीकडून बोट येत राहिलं, येत राहिलं, साहेब गप्प. मग एकदम म्हणाले, "दिसलं." बाई म्हणाल्या, "चोरी करू नका. नाकाकडे बघा. तुम्ही मान वळवलीत." पुन्हा बोट आलं. या वेळी साहेबांनी मान वळवली नाही आणि बोट जवळजवळ त्यांच्या नाकासमोर येईपर्यंत ते काही बोललेही नाहीत. मग डोळ्याचा दाब बघायचं ते यंत्र झालं. मग दिवा बंद करून, बारीक उजेडाचं उपकरण घेऊन बाई त्यांच्या डोळ्यात कितीतरी वेळ बघत राहिल्या. शी म्हणाल्या नाहीत. त्या काहीच म्हणेनात तेव्हा मी घाबरले.

दिवा लावून त्यांनी सरळ सांगितलं. "मी डॉक्टर नाही, औषध मी देणार नाही. पण हा काचबिंदू असणार. दाब वाढलाय आणि आतली नस सुकत चाललीय. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने चोरासारखा नजर खात येतो. डावा बराच गेलाय, उजव्याला सुरुवात आहे. आज डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. आज, मतलब आत्ता."

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. म्हणाले, "दिवाळीत सांगलीला जाणारच आहोत. तिथे आमचे डॉक्टर आहेत." होळी नुकतीच झाली होती. साहेबांच्या कानामागे अजून गुलाल होता.

बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांना शेवटचे कधी भेटलात?" साहेबांना आठवेना. "आहेत का ते अजून?" साहेब चिडले. म्हणाले, असं अभद्र बोलू नका. बाई म्हणाल्या, "फोन लावा. इथूनच." साहेबांनी तोऱ्यात सांगलीच्या पुतण्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव म्हणून सांगितलं. पुतण्या म्हणाला, "काका, ते डॉक्टर जाऊन किती वर्षं झाली. मुलगा अमेरिकेला. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. तुम्हाला मागच्या वेळी दाखवलं की मी, तुम्ही तिथून चार्जर घेतला होतात."

घेतला होता. तो चार्जर आमच्या घरी होता. ज्या दारातून लहानपणी चष्मा लावून बाहेर पडले त्याच दारातून चार्जर घेऊन बाहेर पडले आणि तरी यांचे डॉक्टर आत बसलेलेच. फोन बंद झाल्यावर साहेब दुकानातल्या फ्रेमांकडे बघत बसले. मला वाटलं होतं बाई आता यांना धुवून काढतील. बाईंनी पर्स घेतली, दुकानातल्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, शटर ओढलं आणि म्हणाल्या, "चला."

मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. गेलं ते आता परत येत नाही. उरलंय ते राखायचं, तर रोज रात्री थेंब, जन्मभर, एक दिवसही न चुकता. परतीच्या रिक्षात साहेब म्हणाले, "आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." त्या वाक्याने माझं डोकंच फिरलं. मला या माणसाची, त्याच्या रुमालाची, त्याच्या सांगलीची, त्याच्या त्या कधीच गेलेल्या डॉक्टरची इतकी किळस आली की मी रिक्षातच अंग चोरून बसले. प्रेमबीम होतं, नाही असं नाही. पण त्या दिवशी ते किळशीच्या खाली कुठेतरी दबलं होतं आणि मला ते वर काढायचं नव्हतं.

साहेबांनी थेंबांतही चोरी केली. पुढच्या वेळी बाईंनी बाटली मागितली, दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाल्या, "ही आतापर्यंत संपायला हवी होती. अर्धी आहे." साहेब म्हणाले, मी जपून वापरतो. बाई म्हणाल्या, "शी." आणि त्या रात्री, जेवणं आटोपली तेव्हा, घरचा फोन वाजला. हॅलो नाही, कशा आहात नाही. "घातले?" साहेब गोंधळून म्हणाले, "नाही, घालतोय." "घाला. मी थांबते." फोन तसाच ठेवून त्या थांबल्या. मी साहेबांची मान मागे केली, थेंब घातला. "घातले," साहेब म्हणाले. फोन बंद.

त्यानंतर रोज. बातम्या संपल्या की फोन. "घातले?" "घातले." ठक. सणाला नाही, सुतकात नाही, कधीच त्यात एक शब्द जास्त आला नाही. मी एकदा म्हटलं, बाई, दोन शब्द बोलत जा की. म्हणाल्या, "बोलायला दुकानात या. चष्मा धुऊन या." डॉक्टर दर तपासणीला सांगायचे, वाढलेला नाही, आहे तिथेच थांबलाय. साहेबांची स्कूटर मी विकून टाकली. चटणी मी उजवीकडे वाढायला लागले.

बरीच वर्षं अशी गेली. मग गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही तपासणीला निघालो तेव्हा साहेब बेसिनपाशी काहीतरी खुडखुड करत होते. बघते तर स्वतः चष्मा धूत होते. साबण लावून, माझ्या जुन्या टूथब्रशने, गाद्यांखालून काडी फिरवून. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःची कुठली वस्तू धुतलेली मी पाहिली नव्हती. मी काच उजेडात धरून बघितली. एक ठिपका नव्हता. साहेब म्हणाले, "आज बघू बाई काय म्हणतात."

दुकानात त्यांनी चष्मा रुबाबात पुढे केला. बाईंनी दोन बोटांत धरला, ट्यूबलाइटसमोर नेला, मान तिरकी केली. म्हणाल्या, "शी. केवढं हे."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. बाई बेसिनवर गेल्या, धुवून आल्या, पुसला, पुन्हा उजेडात धरला. चेहरा तसाच. "जात कसं नाही हे?" पुन्हा गेल्या. नळ वाहत राहिला. आम्ही दोघं स्टुलावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. दुकानातली ट्यूबही नवीन होती, मघाशीच मी म्हणाले होते, बरं झालं बदललीत, लख्ख उजेड पडलाय. तिसऱ्यांदा धुवून त्या चष्मा पुसत बाहेर आल्या तेव्हा मला सगळं कळलं होतं. या बाईंना हे कोण सांगणार?

साहेब उठले. त्यांनी बाईंच्या हातातून चष्मा काढून घेतला आणि हळू म्हणाले, "बाई, चष्मा स्वच्छ आहे."

"मला शिकवू नका."

"घरून मी धुऊन आणलाय. हिने बघितलाय. तुम्ही तीनदा धुतलात. घाण चष्म्याला नाहीये."

बाई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर बसलेल्या त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, किती दिवस झाले. म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून. आँधी आली होती ना मोठी, त्यानंतर. वाटलं धूळ आहे हवेत. मग वाटलं ट्यूब गेलीय." मग म्हणाल्या, "खोटं बोलतेय. काही वाटलं नव्हतं. मोतीबिंदू आहे, मला पहिल्या दिवसापासून माहिती आहे. नाशिकला माझे सर आहेत, ज्यांच्या हाताखाली मी शिकले. माझ्या डोळ्याला हात लावतील तर तेच. दिवाळीत जाणारच आहे."

मी खाली बघितलं. साहेबांनी बघितलं नाही. त्यांनी विचारलं, "आहेत का ते अजून?"

"आहेत," बाई म्हणाल्या. मग हातातल्या फडक्याची घडी घालत, "हात कापतो त्यांचा. ऑपरेशन करत नाहीत आता." आणि स्वतःच्या पदराकडे बघत म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांच्या डोळ्यांत बघितलं. माझ्या डोळ्यात कुणी बघायचं म्हटलं की मला कसंतरी होतं. स्वतःचीच शिसारी येते. पिकलेला, गढूळ झालेला तो डोळा कुणाला कशाला दाखवायचा."

"डोळा इथे वापरता ना?" साहेब म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाईंची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली, शटर ओढायला गेले, डावीकडच्या खांबावर खांदा आपटला, तरी ओढलं आणि म्हणाले, "चला."

ऑपरेशन जयपुरातच झालं, त्याच मोठ्या डॉक्टरांकडे. डोळा उघडल्यावर बाई काळा चष्मा लावून आमच्या घरी आल्या. मी शिरा केला होता. त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, काळा चष्मा वर केला आणि एग्झॉस्ट फॅनकडे बघून म्हणाल्या, "शी. तुमच्याकडे हे असं असायचं? आणि मी इथे जेवून गेलेय?" मला राग आला आणि इतकं बरं वाटलं की मी पदराने डोळे पुसले. मग हात धुवायला गेल्या त्या बराच वेळ बेसिनवरच्या आरशासमोर उभ्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "एवढ्या सुरकुत्या होत्या, तर सांगायचं नाही का कुणी?"

पण त्यांनी स्वतःला सोडलं नाही. उन्हाळ्यापासून ज्यांचे डोळे तपासले होते त्या सगळ्यांना फोन करून, निरोप पाठवून पुन्हा बोलावलं. "धुक्यातून बघत होते मी. तुमचं काही सुटलं असेल," असं तोंडावर सांगून एकेकाला पुन्हा तपासलं, जिथे चुकलं होतं तिथे काच बदलून दिली. ते रत्नांचे व्यापारी म्हणाले, मैडमजी, मुझे तो ठीक दिख रहा है. बाई म्हणाल्या, "मुझे नहीं दिख रहा था." शेवटचा माणूस तपासून झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. लोकांना आपली किळस येत असो नसो, आपल्याला येतेय, एवढं त्यांना पुरेसं होतं. मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मला कोण सांगणार? तुमचे साहेब रोज येणार आहेत का?" आणि मुलीकडे नाशिकला गेल्या.

फोन मात्र सुरू राहिला. बातम्या संपल्या की. "घातले?" "घातले." ठक.

यंदा अक्षय्यतृतीयेच्या सुमारास एका संध्याकाळी फोन आला नाही. बातम्या संपल्या, पुढची मालिका लागली, तीही संपली. साहेब मान मागे टाकून खुर्चीत बसून राहिले, मी बाटली हातात धरून उभी. लाइन नसेल, मी म्हणाले. शेवटी ते म्हणाले, "घाल." सकाळी बाईंच्या मुलीचा फोन आला. ती जयपुरात वाढली, तिचं मराठी अडखळतं. "काकू, मम्मी... मतलब, आई गेली. काल दुपारी. छातीत दुखलं."

इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. ज्यांनी जन्मात कधी चष्मा धुतला नाही ती सगळी माणसं पुढच्या रांगेत. एक गृहस्थ उभे राहून बाई कशा देवमाणूस होत्या ते सांगत होते आणि सांगता सांगता भरून आल्यासारखं करत चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते. मी "शी" म्हणाले. जरा मोठ्यांदाच म्हणाले असेन, कारण सभा थांबली. साहेब शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात दाबला नाही की गप्प बस म्हणाले नाहीत. त्यांनी आपला चष्मा काढला, उजेडात धरून बघितला आणि परत लावला.

परवा डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा आहे तिथेच आहे. अजूनही रोज बातम्या संपल्या की साहेब टीव्ही बंद करतात, फोन जवळ ओढून घेतात आणि मान मागे टाकतात. मी थेंब घालते. ते डोळे मिटून थोडं थांबतात आणि मग छताकडे तोंड करून, मला नाही, म्हणतात, "घातले."